अहवालात कर्ब भरपूर, तरी कलमं भुकेली का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. राजापूर तालुक्यात सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, उतारावर हापूसची 40 कलमं, वय 6 वर्षं. दरवर्षी मिरगाला झाडामागे किलोभर डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) खत दिलं जातं, तरी पालवी बारीक येते आणि पानं फिकट राहतात. माती परीक्षणाचा अहवाल आला आहे: सामू (pH, आम्लतेचं माप) 5.2, विद्युत वाहकता (क्षारांचं माप) 0.08, सेंद्रिय कर्ब 1.3 टक्के, नत्र (नायट्रोजन) हेक्टरी 310 किलो, स्फुरद (फॉस्फरस) 7 किलो, पालाश (पोटॅशियम) 165 किलो. विचारलं आहे की कर्ब "अत्यंत भरपूर" असा शेरा असताना शेणखताची गरज आहे का, चुना किती घालायचा आणि डीएपी वाढवावं का. शिवाय खाडीकाठच्या 10 गुंठ्यांत भात नीट येत नाही, तिथे जिप्सम टाकू का, असंही विचारलं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. तुमच्या जमिनीत अन्न कमी आहे हे खरं, पण त्याहून मोठी अडचण ही की दिलेलं अन्न धरून ठेवायची ताकद तिच्यात नाही. ही ताकद न वाढवता खताच्या गोणी वाढवणं म्हणजे भोक पडलेल्या कळशीत पाणी ओतणं. म्हणून पुढचं सगळं उत्तर या "धरण्या"भोवती फिरेल.

कोकणातली तांबडी माती बनली कशी ते पाहू. रत्नागिरी जिल्ह्यातली ही जांभ्याची, म्हणजे लॅटेराइटची, माती बहुतांशी काळ्या कातळाची, म्हणजे बेसाल्टची झीज होऊन तयार झाली. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि तोही चार महिन्यांत. लाखो वर्षं असं पाणी मुरत गेलं की कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश आणि बरीचशी सिलिकासुद्धा विरघळून निघून जाते. मागे राहतात लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. तांबडा रंग लोहाचा. आणि जी चिकणमाती उरते ती मुख्यतः केओलिनाइट जातीची.

इथेच सगळी मेख आहे. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो आणि त्यावर पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम, अमोनियम हे धन भाराचे घटक चिकटून राहतात. या क्षमतेला धन आयन विनिमय क्षमता म्हणतात. देशावरच्या काळ्या जमिनीतल्या मॉन्टमोरिलोनाइट खनिजाची ही क्षमता 100 ग्रॅममागे 80 ते 150 मिलिसमतुल्य असते. केओलिनाइटची जेमतेम 3 ते 15. आणि चांगल्या कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाची, ह्यूमसची, 200 च्या आसपास. म्हणजे घाटावरचा शेतकरी जे काम मातीवर सोपवतो, ते कोकणात ह्यूमसकडून करून घ्यावं लागतं. घाटावरची खताची शिफारस उचलून इथे लावली की फसते ती यामुळेच.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. जांभ्याच्या मातीतला हा भार कायमचा नसतो, सामूप्रमाणे बदलतो. सामू 5 कडे उतरला की भार घटतो, 6 कडे चढला की वाढतो. त्यामुळे चुन्याचा खरा फायदा आम्लता कमी होण्यापुरता नाही. त्याने मातीची अन्न धरायची जागाच वाढते.

आता अहवाल वाचू. सेंद्रिय कर्ब 0.75 टक्क्यांच्या वर गेला की सर्वसाधारण वर्गवारीत तो "भरपूर" गटात जातो. कोकणातले अहवाल पाहा, बहुतेकांवर हाच शेरा दिसेल, आणि झाडं तरी भुकेलीच असतात. कारण असं की आम्ल मातीत हा कर्ब लोह-ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांना घट्ट बांधलेला असतो. जिवाणूंना तो सहज फोडता येत नाही, त्यामुळे त्यातला नत्रही सावकाश सुटतो. आकडा साठ्याचा आहे, चलनाचा नाही. तेव्हा शेणखत थांबवू नका. झाडाला दरवर्षी ताजं कुजणारं सेंद्रिय खाद्य लागतं. जुन्या बांधलेल्या कर्बाने ते भागत नाही.

अहवालातल्या "हेक्टरी किलो"मध्ये आणखी एक खोट असते, आणि सड्यावरच्या जमिनीत ती फार मोठी होते. प्रयोगशाळा माती 2 मिलिमीटरच्या चाळणीतून चाळते आणि चाळणीखालच्या मातीचीच तपासणी करते. मग हेक्टरी 15 सेंटीमीटर थरात 22.4 लाख किलो माती आहे असं धरून गुणाकार होतो. तुमच्या जमिनीत वजनाने 40 टक्के जांभ्याचे खडे असतील तर बारीक माती भरते 13.4 लाख किलो. म्हणजे कागदावरचा 165 किलो पालाश प्रत्यक्षात 100 किलोच्याही खाली. "मध्यम" शेरा तिथेच "कमी"वर येतो. हे घरी मोजता येतं: वाळलेली 5 किलो माती घ्या, ढेकळं हाताने फोडा, बारीक चाळणीने चाळा, वर राहिलेले खडे तोला. पुढच्या वेळी नमुना देताना हे प्रमाण कागदावर लिहून द्या.

स्फुरदाच्या आकड्याखाली पद्धत कोणती लिहिली आहे तेही पाहा. आम्ल मातीला ब्रे पद्धत योग्य. ओल्सेन पद्धत उदासीन आणि विम्ल मातीसाठी आहे. पद्धत लिहिलेली नसेल तर विचारा. तरीही 7 किलो हा आकडा कुठल्याही पद्धतीने कमीच. डीएपी टाकूनही तो वाढत नाही कारण जांभ्यातली लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं पाण्यात विरघळणारा स्फुरद काही दिवसांत पकडून ठेवतात. तुम्ही आळ्यात डीएपी पसरता तेव्हा त्याचा जास्तीत जास्त मातीशी संपर्क येतो आणि जास्तीत जास्त स्फुरद अडकतो. उपाय उलट दिशेचा आहे: मातीशी संपर्क कमी ठेवायचा. स्फुरद शेणखतात मिसळून, पट्ट्यात एका जागी द्यायचा. शेणखत कुजताना निघणारी सेंद्रिय आम्लं त्या पकडणाऱ्या जागा स्वतः अडवतात आणि स्फुरद मोकळा राहतो.

डीएपी वाढवू नका, बंद करा. त्याच्या एका किलोत 180 ग्रॅम नत्र आणि 460 ग्रॅम स्फुरद आहे, पालाश शून्य. सहा वर्षांच्या कलमाला नत्र आणि पालाश जास्त लागतो, स्फुरद कमी. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद 16 टक्केच असला तरी बरोबर कॅल्शियम आणि गंधक मिळतं, आणि या दोन्हींची वानवा धुपलेल्या जांभ्यात असतेच. शिवाय अमोनियमयुक्त खतं माती आणखी आंबवतात: अमोनियमचं नायट्रेट होताना हायड्रोजन आयन सुटतात. 100 किलो युरियाची आम्लता मारायला हिशेबाने सुमारे 80 किलो चुनखडी लागते, अमोनियम सल्फेटला सुमारे 110 किलो. युरिया टाळता येणार नाही, पण त्यामागे चुना द्यावा लागतो हे गणित कोकणात क्वचितच कुणी मांडतं. वर्षानुवर्षं नुसती खतं टाकलेल्या बागांचा सामू खाली खाली जातो तो यामुळे.

सामू 5.2 म्हणजे किती आम्ल? ही मोजपट्टी दसपटीची आहे. 5 सामूची माती 6 सामूच्या मातीपेक्षा 10 पट आम्ल असते. 5.5 च्या खाली गेलं की ॲल्युमिनियम विरघळायला लागतं आणि मुळांची टोकं जाडसर, आखूड, तपकिरी होतात, तंतुमुळं फुटत नाहीत. आळ्याच्या कडेला 15 सेंटीमीटर खोल कुदळीने हलकेच उकरून पाहा. पांढरट, बारीक, जाळीदार मुळं दिसली तर ठीक. मुळं थोडी, बोथट टोकांची आणि सगळी वरच्या पातेऱ्याच्या (पालापाचोळ्याच्या) थरातच चढलेली दिसली तर खालची माती त्यांना नकोशी आहे असं समजा.

चुना किती, हा तुमचा मुख्य प्रश्न. नेमकं उत्तर प्रयोगशाळेच्या "चुन्याची गरज" या वेगळ्या चाचणीतूनच मिळतं; नुसत्या सामूवरून नाही, कारण दोन जमिनींचा सामू सारखा असूनही त्यांची बदलाला विरोध करायची ताकद वेगळी असते. ती चाचणी होईपर्यंत चौरस मीटरला 200 ग्रॅम चुनखडीची भुकटी हा सावध डोस धरा. दीड मीटर त्रिज्येचं आळं सुमारे 7 चौरस मीटरचं होतं, म्हणजे झाडामागे साधारण दीड किलो. उद्दिष्ट सामू 6 चं ठेवा, 7 चं नाही. आंबा 5.5 ते 7 मध्ये छान वाढतो. एका दमात पोतंभर चुना ओतला की जस्त, बोरॉन, लोह अडकतात, कोवळी पानं बारीक आणि पिवळी येतात, आणि ते निस्तरायला वर्षं जातात.

शक्य असेल तर डोलोमाइट घ्या, त्यात मॅग्नेशियमही मिळतं. चुनखडीची मारक शक्ती 100 धरली तर डोलोमाइटची सुमारे 109, विरलेल्या चुन्याची 135, कळीच्या चुन्याची 179. शिंपले भाजून केलेला चुना वापरणार असाल तर तो विरवूनच वापरा आणि मात्रा पाऊण पटीवर आणा. कळीचा चुना आळ्यात टाकू नका, मुळं भाजतात. भुकटी पिठासारखी बारीक हवी. भरड दाणे मातीत वर्षानुवर्षं तसेच पडून राहतात. दुकानात एक छोटी परीक्षा करा: चमचाभर भुकटीवर लिंबू पिळा. चुनखडी लगेच फसफसते, डोलोमाइट सावकाश बुडबुडे सोडतं, आणि काहीच होत नसेल तर ती खडीची भुकटी आहे, परत करा.

वेळ: मेच्या शेवटच्या आठवड्यात, वळवाचा पाऊस पडून माती ओली झाल्यावर. आळ्यात सारखा पसरा, वरच्या 8-10 सेंटीमीटरमध्ये हाताने मिसळा, खोल खणू नका. त्यानंतर किमान तीन आठवडे खत नाही. युरिया आणि चुना एकत्र पडले की नत्र अमोनिया होऊन हवेत जातो. आळ्यातून नाकाला झोंबणारा वास आला तर तेच झालं आहे.

खताचा हिशेब. हापूससाठीची शिफारस पहिल्या वर्षी 150 ग्रॅम नत्र, 50 ग्रॅम स्फुरद, 100 ग्रॅम पालाश अशी आहे आणि ती दरवर्षी तेवढीच वाढवत दहाव्या वर्षी दीड किलो, अर्धा किलो आणि एक किलोवर न्यायची. सहाव्या वर्षी होतात 900, 300 आणि 600 ग्रॅम. म्हणजे युरिया जवळपास 2 किलो, सिंगल सुपर फॉस्फेट 1 किलो 900 ग्रॅम आणि सल्फेट ऑफ पोटॅश 1 किलो 200 ग्रॅम, बरोबर निदान 30 किलो चांगलं कुजलेलं शेणखत. तुमच्या किलोभर डीएपीतून नत्राचा पाचवा हिस्सा जात होता आणि पालाश अजिबात नाही. फिकट पानांचं कोडं इथेच बरंचसं सुटतं.

हे सगळं मिरगाच्या पहिल्या सरींबरोबर एकदम टाकायची पद्धत आहे. माझं मत, हलक्या कातळी जमिनीत युरिया आणि पालाश दोन हप्त्यांत द्यावं. शेणखत, संपूर्ण सुपर फॉस्फेट आणि निम्मा युरिया-पालाश जूनच्या मध्यावर. उरलेला निम्मा जुलैची झोड ओसरली की, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. त्यापुढे नत्र नको. सप्टेंबर-ऑक्टोबरात नत्र मिळालं की कलम मोहोराऐवजी पालवीवर जातं. फांद्यांच्या घेराच्या आत थोडं सरकून 30 सेंटीमीटर रुंद, 15 सेंटीमीटर खोल चर गोलाकार काढा, खत-शेणखत मिसळून टाका आणि मातीने झाका. बुंध्याशी टाकलेलं खत वाया जातं. तिथे अन्न घेणारी मुळं नसतात. उतारावर पूर्ण गोल चर नको, वरच्या बाजूचा अर्धगोल पुरे, नाहीतर खालच्या बाजूने सगळं वाहून जाईल.

आता कळशीचं भोक बुजवण्याबद्दल. पालापाचोळा जाळू नका. सड्यावर होळीच्या सुमारास गवताला लावलेला वणवा हा कोकणच्या मातीचा सर्वांत मोठा तोटा आहे असं मी मानतो. राखेतून पालाश आणि थोडी चुन्यासारखी विम्लता मिळते, राबात (पालापाचोळा जाळून केलेल्या रोपवाटिकेत) भाताचा तरवा जोमाने येतो तो त्यामुळेच आणि तणाचं बी मरतं म्हणून. पण नत्र, गंधक आणि कर्ब धुरात जातो, आणि उघडा पडलेला जांभा उन्हात तापून, पुन्हा भिजून, पुन्हा वाळून कठीण होत जातो. चिरेखाणीत ओला चिरा कोयत्याने तासता येतो आणि हवेत वाळला की दगड होतो. तीच क्रिया हळूहळू तुमच्या आळ्यातही चालते. एकदा दगड झाला की भिजवून पुन्हा माती होत नाही.

त्याऐवजी आळ्यावर 10 ते 15 सेंटीमीटर जाड पातेरा पसरा, बुंध्यापासून 30 सेंटीमीटर जागा मोकळी ठेवून, म्हणजे वाळवी खोडाला लागणार नाही. नुसता भाताचा पेंढा टाकू नका. त्यात नत्राच्या मानाने कर्ब फार, कुजवताना जिवाणू मातीतलाच नत्र ओढून घेतात आणि झाड आणखी पिवळं पडतं. त्यात गिरीपुष्पाचा पाला मिसळा. त्यासाठी बांधावर जूनमध्ये मीटरभर लांबीच्या, अंगठ्याएवढ्या जाड गिरीपुष्पाच्या काड्या लावून ठेवा, दुसऱ्या वर्षापासून छाटणी मिळते. कोवळ्या पाल्यात वाळलेल्या वजनाच्या सुमारे 3 टक्के नत्र असतं आणि तो झपाट्याने कुजतो. दोन ओळींच्या मध्ये पावसात ताग किंवा चवळी पेरली तर थेंबांचा मारही मातीवर बसत नाही.

उतारावर प्रत्येक कलमाच्या खालच्या बाजूला अर्धचंद्राकृती बांध हवा, चिऱ्याच्या तुकड्यांचा चालेल. त्याला एका टोकाला सांडवा ठेवा. सांडव्याशिवायचा बांध पहिल्याच झोडीत फुटतो आणि आहे ती मातीही घेऊन जातो.

कातळात सुरुंग लावून किंवा पहारीने 1 मीटरचे खड्डे काढून ही कलमं लावली असतील तर एक तपासणी नक्की करा. एका रोगट झाडाच्या शेजारी, मुळांना न दुखवता, तेवढ्याच खोलीचा छोटा खड्डा घ्या, मेमध्ये त्यात काठोकाठ पाणी भरा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाहा. पाणी शिल्लक असेल तर खाली अखंड कातळ आहे आणि पावसात मुळं महिनोन्‌महिने ओंजळीत उभी राहतात. अशा झाडाला खताने काही होत नाही. उताराच्या बाजूने पहारीने चर फोडून खड्ड्याला वाट करून द्या. नवी कलमं लावाल तेव्हा खड्डा भरतानाच ती वाट ठेवा. भरायला चांगली माती, 4-5 घमेली शेणखत आणि अडीच किलो सुपर फॉस्फेट.

जांभ्याची माती हाताला भरड लागते म्हणून तिला "रेताड" समजू नका. चिकणमातीचे कण लोहाने इतके घट्ट चिकटलेले असतात की ते वाळूसारखे वागतात. बरणीत पाण्यात ढवळलं तर मिनिटभरात बराच गाळ खाली बसतो. ती सगळी वाळू नसते. याचा चांगला भाग असा की पाणी पटकन मुरतं. वाईट भाग हा की पाण्याबरोबर नायट्रेट आणि पालाशही तितक्याच पटकन खाली जातात.

खाडीकाठच्या 10 गुंठ्यांचं गणित पूर्ण वेगळं. तिथल्या मातीचा स्वतंत्र नमुना द्या, वरच्या बागेतल्या मातीत मिसळू नका. विद्युत वाहकता मीटरला 4 डेसिसायमनच्या वर आली (संपृक्त अर्कातली, हे विचारून घ्या) तर जमीन खारी आहे. खाऱ्या जमिनीला जिप्सम नको, गोडं पाणी हवं. जिप्समचा उपयोग सोडियम मातीला चिकटून बसलेल्या चोपण जमिनीला होतो, ज्यांचा सामू 8.5 च्या वर असतो. खाडीकाठी आधी बांधाची फट बुजवा, उधाणाचं पाणी आत येऊ देऊ नका, मग जूनचं पावसाचं पाणी साठवून दोन-तीनदा बदला आणि त्यानंतरच लावणी करा. मिठाला टिकणारी पनवेलची भातवाणं तिथे घ्या.

पण तिथे पाण्यावर तेलासारखा रंगीत तवंग आणि चिखलावर तांबूस साय दिसत असेल तर मीठ नाही, लोह आहे. जांभ्याच्या उतारावरून झिरपलेलं पाणी खोलगट खाचरात साठलं की असं होतं. तवंगात काडी घाला: लोहाचा तवंग काचेसारखे तुकडे होऊन फुटतो, तेल पुन्हा जुळून येतं. अशा खाचरात भाताच्या जुन्या पानांवर टोकाकडून तपकिरी ठिपके पडतात. पाणी तीन-चार दिवस काढून जमिनीला हवा द्या, वरून झिरपणारं पाणी चर काढून बाजूने वळवा, पालाश वाढवा आणि लावणीच्या तोंडावर हिरवा पाला चिखलात गाडू नका. तो कुजताना प्राणवायू खातो आणि लोह आणखी विरघळवतो.

साध्या, गोड्या खाचरांना मात्र 5.5 सामू असला तरी चुना लागत नाही. पाणी साठल्यावर काही आठवड्यांत सामू आपोआप 6.5 च्या वर चढतो आणि लोहाने पकडलेला स्फुरदही सुटतो. नत्र मात्र वाहून जातं. तिथे युरिया-डीएपीच्या 2.7 ग्रॅमच्या ब्रिकेटा (दाबून केलेल्या गोळ्या) चार चुडांच्या (रोपांच्या ठोंबांच्या) मध्ये एक, 7 ते 10 सेंटीमीटर खोल खोचा. 15-25 सेंटीमीटर जोडओळीत हेक्टरी सुमारे 170 किलो, म्हणजे 10 गुंठ्यांना 17 किलो लागतील.

पुढचा नमुना बागेत पुढच्या वर्षी, यंदाचा घेतला त्याच महिन्यात घ्या, त्याच प्रयोगशाळेत द्या. नागमोडी चालत 10 ते 12 झाडांच्या आळ्यातून, खताचा चर टाळून, 0 ते 30 आणि 30 ते 60 सेंटीमीटरचे थर वेगळे. प्लास्टिकच्या बादलीत मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाका, अर्धा किलो उरेपर्यंत पुन्हा तसंच. सावलीत वाळवा. मागच्या खतानंतर दोन-तीन महिने तरी गेलेले असू द्या. खालच्या थराचा सामू वरच्यापेक्षा बराच कमी निघाला तर आकडे पाठवा, चुन्याची पुढची मात्रा त्यावर ठरेल.